नकार गिळणारा कोड

सोमवार
लागले एकदाची नोकरीला. मासे गोठवायचा कारखाना. दादा इथल्याच गोठणखोलीत पेट्या रचतो, त्यानेच साहेबांच्या कानावर घातलं. खुर्ची डुगडुगते, पण खिडकी मोठी आणि चहा फुकट. इथला पीएचपी भाषेतला कोड आधी खोलीचं दार लावतो, मग आतल्या तपासणी यंत्रणेला विचारतो, गोठवणं सुरू करू का? ती बया सतरांदा नाही म्हणते आणि काम खोळंबतं. तेवढंच निस्तरायला मला घेतलंय.

मंगळवार
निस्तरलं. नकार आला की थांबायचं नाही. जरा दम घ्यायचा, परत विचारायचं, होकार मिळेपर्यंत. यंत्रणेला जाणारा प्रत्येक प्रश्न या वेष्टणात गुंडाळला. साहेब म्हणाले, पोरगी कामाची आहे. दादा दिवसभर कॉलर ताठ करून फिरत होता.

गुरुवार
गोठणखोलीत मांजर सापडलं. लाकडासारखं कडक. नोंदी उघडल्या. यंत्रणा परत परत सांगत होती, आत जीव आहे. मग म्हणाली, खोली रिकामी. तिला फक्त ऊब कळते, आणि खोली मुळातच थंडगार; मांजर गारठलं तशी ऊब संपली. जुना कोड नकार आला की दार उघडायचा. माझा नकार गिळतो आणि दार तसंच ठेवतो. तार तुटली काय नि जीव अडकला काय, मी सगळं एकाच पोत्यात भरलं होतं.

शुक्रवार
साहेबांना सांगितलं. म्हणाले, एका मांजरापायी ट्रक उभे ठेवू का. मी हट्ट धरला, तर माझा पासवर्डच काढून घेतला. टेबल जिन्याखाली. कुणी माझ्याकडे बघत नाही. दादाला म्हटलं, उद्या जाऊ नकोस. तो हसला, आधी नीट जेव म्हणाला.

शनिवार
दादा आत अडकलाय. दाराची आतली मूठ केव्हाची तुटलेली. साहेब फोन उचलत नाहीत. वीज तोडून उपयोग नाही, कुलूप विजेवरच सुटतं. फोरमन पहारीने दार ठोकतोय. मला म्हणाला, बाहेरच्या पडद्यावरून नजर हटवू नकोस. यंत्रणेचं उत्तर उमटेल तसं लिहितेय—

आत जीव आहे.

बाई गं, नाहीच म्हणत राहा.

आतून थापा येत होत्या. आता—

आत जीव आहे.

परत विचारतोय. नको विचारूस, मेल्या, मीच लिहिलंय तुला, थांब—

आत जीव आहे.

परत विचारतोय—