नाव सांगण्यास नकार

१८ जानेवारी १९४४
आज पाच नोटिसा. सायकल पंक्चर, निम्मी वाट ढकलत. बेलिफाची नोकरी म्हणजे तंगडतोड आणि वर लोकांच्या शिव्या.
नदीपलीकडच्या वाडीत शेवटची नोटीस. विहिरीच्या शेताचा दावा, चुलतभावाने लावलेला. दारात बाई, तिशीची असेल.
"घर कुणाचं?" गप्प. "मालकाचं नाव काय?" पदर तोंडात. पुन्हा विचारलं, तर "ते न्हाईत. लांब हायत." लांब म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही. ऊन डोक्यावर, पोटात कावळे.
चावडीवरचे दोन पंच आणले, अंगठे घेतले, नोटीस दारास चिकटवली. रिपोर्ट: 'पुरुष हजर नाही. घरातील बाईने नाव सांगण्यास नकार दिला.' हे वाक्य आता हात आपोआप लिहितो.
निघताना बाई म्हणाली, "सायेब, ह्यो कागुद कशाचा?" म्हटलं, घ्या कुणाकडून तरी वाचून.

२ मार्च
वाडीचा दावा एकतर्फी निकाली. न्यायाधीशसाहेबांनी मान वर न करता विचारलं, "बजावणी?" म्हटलं, झाली. प्रतिवादीच्या नावाचा पुकारा तीनदा. व्हरांड्यात कुत्रं तेवढं उठलं.

२१ मार्च
लिहवत नाही, तरी लिहितो.
शेताचा ताबा द्यायला वाडीत गेलो. हलगीवाला बरोबर. आधी घराकडे गेलो. मी लावलेली नोटीस जशीच्या तशी दारावर, आणि तिच्यावर हळदकुंकू. रोजचं असावं, थरावर थर.
बाई (नाव हौसाबाई) हसतच बाहेर आली. मला वाटलं, डोकं फिरलंय. म्हणाली, "शिपायाच्या घराची खूण न्हवं का ही? तुमीच लावली की! गणपतभावजींनी वाचली. म्हनले, सरकारनं लावलीया, काढू नगंस."
गणपत म्हणजे दावा लावणारा चुलतभाऊ. आळीत वाचता येणारा तेवढाच.
नवरा पलटणीत. दीड वर्षं लढाईवर.
मी ओरडलो, "मग तेव्हा सांगितलं का नाही? नाव सांगायला नकार का दिला?"
"नकार कवा दिला? आवं, मालकाचं नाव कसं घ्यायचं, त्ये बी परक्या गड्याफुडं?"
शेतावर हलगी वाजली. 'सर्व लोकांस कळविण्यात येते.' सगळं गाव जमलं. दावा लागला तेव्हा कागद, आणि शेत गेल्यावर वाजंत्री! आमच्या खात्याची ही रीत. गणपत बांधावर उभा, डोक्याला नवा पटका. हौसाबाई रडली नाही. विहिरीकडे बघत राहिली. रडली असती तर बरं झालं असतं.

२२ मार्च
सौ.ला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली. "मी तरी कुठं घेते तुमचं नाव? रॉकेलच्या कार्डाच्या वेळी ते शेजारच्या काकूंनी सांगितलं. मी नुसती उभी होते." आणि मग, "एवढी वर्षं बायकांच्या दारात जाता, तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?"
ठाऊक होतं. तेच तर.

२४ मार्च
आम्हा बेलिफांचे वरिष्ठ, नाझरसाहेब, त्यांना भेटलो. म्हणाले, लढाईवरच्या माणसाविरुद्धचा दावा तहकूब राहतो, तसा कायदाच आहे. परिपत्रक व्हरांड्यातल्या फळ्यावर लावलंय. पाहिलं. इंग्रजीत आहे, आणि वर वकिलांच्या छत्र्या टांगलेल्या.
"मग बाईला कुणी सांगायचं?"
"बेलीफ, सांगणं आपलं काम नव्हे. बजावणं आपलं काम." नंतर आवाज खाली आणून, "आणि रिपोर्ट खोटा होता असं म्हणालास तर नोकरीला मुकशील. मागचे रिपोर्टही उकरतील. तुझ्या पोरीचं लग्न तोंडावर आलंय ना?"
नाझरसाहेब वाईट नाहीत. म्हणूनच जास्त लागलं.

३० मार्च
एकतर्फी निकाल रद्द करा असा अर्ज देण्याच्या मुदतीला दोन दिवस उरलेले. परवा आडवाटेने वाडीत जाऊन हौसाबाईला सांगून आलो, आज ती चालत आली. अर्ज लिहिणाऱ्याने विचारलं, नवऱ्याचं नाव? तिने खाली बघत पलटणीतून आलेलं पाकीट पुढे सरकवलं. त्याने त्यावरून उतरून घेतलं. इतकं सोपं होतं. मी त्या दिवशी एवढंच म्हणायला हवं होतं, बाई, घरात काही कागदपत्र आहे का.

११ एप्रिल
उद्या सुनावणी. माझी साक्ष.
गणपतच्या वकिलांनी जिन्यात गाठलं. "रिपोर्टवरची सही तुमचीच ना? मग झालं तर." पाठीवर थाप मारून गेले.
दुपारी जुनी रजिस्टरं काढली. 'नाव सांगण्यास नकार.' पानामागून पान, माझंच वळणदार अक्षर. कोण होत्या ह्या? कुणाचं घर गेलं, कुणाचं शेत? एकीपुरतं खरं बोललो तर बाकीच्यांचं काय, आणि नाही बोललो तर ही पण त्यांतलीच. मला स्वतःची किळस आली. रजिस्टरं पुन्हा कपाटात ठेवली.
सौ. म्हणते, "खरं बोला." मग थोड्या वेळाने, "पोरीचं लग्न होऊ द्या आधी."
संध्याकाळी कचेरीतून निघालो तर हौसाबाई पायरीवर. नक्की किती वाजता यायचं ते विचारायला आली होती. म्हटलं, अकराला. उठता उठता म्हणाली, "सायेब, तुमी उद्या माझ्या बाजूनं हायसा न्हवं?"
म्हटलं, "साक्षीदाराला बाजू नसते, बाई."
तिला काय कळलं कोण जाणे. चेहरा एकदम मोकळा झाला. "लय उपकार झालं," म्हणाली, वाकून नमस्कार केला आणि वाडीच्या वाटेला लागली.
तिला हाक मारून नीट सांगायला हवं होतं. वळणापर्यंत दिसत होती. मी हाक मारली नाही.