डबडं गप्प केलं

सोमवार, ३ नोव्हेंबर

नणंदबाई आज पुन्हा माझ्या गाडीला ‘डबडं’ म्हणाल्या. तेही ओरडून – कारण डबड्यात ओरडल्याशिवाय ऐकूच येत नाही! सकाळी आम्ही दोघी एकत्र निघतो. आधी त्यांचं ऑफिस, पुढे माझी लॅब. वाटभर त्या आपल्या साहेबाचे प्रताप सांगतात. मला निम्मेच ऐकू येतात. मी ‘हो ना!’ आणि ‘काय सांगता!’ आलटून पालटून ठोकून देते. अजून तरी पकडली गेले नाही.

पण डबडं? आता बघतेच.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

गाडीच्या सामानाचा दुकानदार म्हणाला, "टायरचा आवाज पूर्ण नाही जायचा. पत्रा थरथरतो ना, ते थांबवू." डांबरासारख्या चिकट शीट दिल्या, वरून चंदेरी कागद. डिकी भरली. नवरा म्हणतो, "एवढं कशाला? रेडिओ मोठा कर की." आणि हा इंजिनिअर!

शनिवार, ८ नोव्हेंबर

दाराचं पॅनेल उचकटलं. क्लिपा फटाफट तुटल्या. आतल्या पत्र्यावर टिचकी मारली – टण्ण! स्पिरिटने पुसला, शीट चिकटवली, रोलरने दाबून दाबून बसवली. पुन्हा टिचकी – ठप्प! एवढा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

नणंदबाई आपणहून केसांचा ड्रायर घेऊन आल्या, शीट गरम करून द्यायला. "खालची पाणी जायची भोकं बुजवू नकोस हं. नाहीतर दारात मासे पाळावे लागतील." मग दोघी मिळून मागच्या चाकांवरच्या पत्र्याला भिडलो. त्यांची ओढणी शीटला चिकटली ती निघेचना. त्यांनी अशी शिवी हासडली की मी थक्क! मला येत नव्हती. पुन्हा म्हणायला लावली.

रविवार, ९ नोव्हेंबर

सगळं परत बसवलं. मूठभर स्क्रू उरले. नवऱ्याला कळलेलं नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

काय शांतता! रस्त्याची नुसती घरघर, तीही शेजारच्या घरातून आल्यासारखी. इंडिकेटर टिकटिकतो हे मला आज कळलं!

पण खरी गंमत – नणंदबाईंची बोलती बंद! साहेबाचं नावसुद्धा नाही. "छान झालंय गं," एवढंच. मग सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या.

जिंकले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

अजून गप्प. आता माझाच जीव खालीवर व्हायला लागलाय. या गाडीत साधं खाकरलं तरी भाषण सुरू झाल्यासारखं वाटतं. शेवटी मीच विचारलं, "ताई, साहेब काय म्हणतो?"

"बरे आहेत."

बरे?! तो राक्षस? आणि अचानक ‘आहेत’?

रेडिओ लावला. त्यांनी बंद केला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

त्यांच्या ऑफिसच्या गेटाशी गाडी थांबवली. उतरेचनात. मग मांडीवरच्या डब्याकडे बघत पुटपुटल्या, "मला मे महिन्यातच काढून टाकलंय गं. तू वळलीस की मी पलीकडच्या बागेत जाऊन बसते."

"मग साहेबाच्या त्या सगळ्या गोष्टी?"

"रचायचे. ओरडून जमायचं. असं हळू बोलताना नाही जमत."

मागून कोणीतरी हॉर्नवर हात ठेवला होता. मी लॅबला फोन करून रजा सांगितली. मग त्यांना घेऊन तशीच पुढे निघाले.