खांद्यासाठी मशीन

महाड,
शुक्रवार, २३ जानेवारी २०२६

चि. मुकुल,

दादाचे आशीर्वाद. तुम्ही दोघं आणि ईरा मजेत असाल. इकडे थंडी यंदा रेंगाळली आहे. गावी कापड्याला वाल बरा आलाय. फोनवर आपण दोघं 'बरं आहे ना' याच्या पुढे जात नाही, म्हणून पत्र.

काम तुझ्या धंद्यातलं आहे. पनवेलच्या तुझ्या दुकानातून घरी व्यायामाला एक मशीन घ्यावं म्हणतो. सायकल घ्यावी की ते रोइंगचं, वल्हं मारल्यासारखं ओढायचं, हे ठरत नाही. पंधरा दिवस मोबाइलवर तेच बघतोय. सकाळी सायकल ठरते, दुपारपर्यंत रोइंग. काल दुकानात एका गिऱ्हाइकाला बिजागऱ्यांऐवजी कड्या बांधून दिल्या. तो पोलादपूरपर्यंत जाऊन परत आला.

तुझी वहिनी सायकलच्या बाजूची. तिचं म्हणणं, चार दिवसांत तुम्ही बसायचं सोडाल, मग हँडलवर टॉवेल तरी वाळतील, त्या दुसऱ्या लांबड्या पट्टीवर मी काय वाळवू, पापड? मी टेप घेऊन हॉल मोजला. रोइंग जवळजवळ आठ फूट. भिंतीला लावलं तर बसल्यावर पाय देव्हाऱ्याकडे होतात. फिरवलं तर दार उघडत नाही. सायकल खिडकीशी सहज मावते. तरी मन रोइंगकडेच धावतं, कारण व्हिडिओतला माणूस सांगतो, याने पाठ आणि खांदे भरतात.

खांदे कशासाठी, ते तुला कळलं असेल. शिमग्याला सव्वा महिना राहिला.

आता खरं लिहितो. दिवाळीनंतर माझ्या छातीत दुखलं. मुंबईला नेऊन एक स्टेंट घातला. तुला कळवू नको असं मीच तुझ्या वहिनीला, अनुपमाला बजावलं होतं, तिच्यावर रागावू नकोस. डॉक्टरांनी चालायला आणि हलकी सायकल मारायला सांगितलंय. रोइंगचं विचारलं तर म्हणाले, आत्ता नको, आणि खांद्यावर ओझं तर अजिबात नको. कधीपर्यंत, असं मी विचारलं. ते कागदावर लिहीत राहिले. मग तुला विचारायला बसलो, जणू तू त्यांच्यापेक्षा वेगळं काही सांगणार आहेस.

आणखी एक आहे. ते लिहायच्या आधी तीनदा उठलो. एकदा पाणी प्यायला, दोनदा उगाच.

गेल्या शिमग्याला देवाची पालखी उचलून नेताना कलली, हे तुझ्या कानावर आलं असेल. अनिलचा पाय घसरला असं गाव म्हणतं. तो माझ्या मागच्या दांड्याला होता. पाय माझा गेला होता, मुकुल. धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पुढचा दांडा क्षणभर सोडला. त्या झोकाने अनिल गुडघ्यावर आला, म्हणून सगळ्यांना तोच दिसला. बाकीच्यांनी सावरलं, देव खाली आला नाही. तात्या गुरव सगळ्यांदेखत म्हणाले, "अनिल्या, देवाच्या खांद्याला पिऊन आलास काय रे?"

"नाय तात्या. थेंब घेतला नाय. घरात इचारा."

एवढं बोलून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी अंगावरचा गुलाल झटकत होतो.

दुसऱ्या दिवशी देवळात त्याच्या नावाने गाऱ्हाणं घातलं. त्याने नारळ ठेवला. लेकराची चूक पदरात घे, असं तात्या म्हणाले आणि सगळ्यांनी होकार दिला. त्यात माझाही आवाज होता. तेव्हापासून अनिल दुकानात येत नाही. मी रोज पूजा करतो, पण ती आटोपल्यासारखी वाटत नाही.

आणि तू. सहा वर्षांपूर्वी तू एकदाच खांदा मागितलास, तेव्हा मी चारचौघांत म्हणालो होतो, "दोन दिवसांच्या पाहुण्याला खांदा मिळत नाही." त्यानंतर तू शिमग्याला आला नाहीस. पुढचा दांडा आपल्या घराचा आहे, माझ्या एकट्याचा नाही, हे मला त्या दिवशीही माहीत होतं.

सायकल पाठव. साधी चालेल.

पुढच्या रविवारी, एक तारखेला, गावी शिमग्याची बैठक आहे. तिथे सांगणार आहे. अनुपमा म्हणाली, अनिलला घरी जाऊन सांगा, सगळ्यांपुढे कशाला? मी म्हटलं, त्याला बोल सगळ्यांपुढे लागला. तेव्हा ती म्हणाली, मी येते बरोबर.

त्यानंतर गाव विचारील, पुढे कोण. मी तुझं नाव घेणार आहे. तू नको म्हणालास तरी दांडा रिकामा राहणार नाही, कोणीतरी धरील. पण आधी तुला विचारल्याशिवाय मी तो दुसऱ्या कोणाला धरू देणार नाही. मागे अनिल यायला तयार होईल की नाही, सांगता येत नाही. तयार झाला तर त्याच्या पावलाने चाल. त्याला वाट माहीत आहे, आणि तो कधी चुकलेला नाही.

मी बाजूने चालेन, रिकाम्या खांद्याने.

तुझा दादा,
रघुवीर