डाव्या हाताची तयारी

३ जानेवारी, सकाळी
संकल्प. पियानोच्या क्लासच्या कार्यक्रमात लेकीबरोबर वाजवायचं. एकच पियानो, वाजवणारे दोघं. वरचे सूर तिचे, खालचे माझे. बाई म्हणाल्या, तुमचा डावा हात कच्चा आहे, ही सरावाची पुस्तिका घ्या, रोज पहिलं पान. पहिलं पान? बाईंनी मला ओळखलेलं नाही. डावा हात म्हणजे माझ्या हातचा मळ. लेकीला शब्द दिला. उड्या मारत शाळेत गेली.

५ जानेवारी
पुस्तिका शेवटून सुरू केली. अवघड आधी केलं की सोपं आपोआप येतं. शेवटच्या पानावर छपाईची चूक दिसते. एवढे सूर एका हातात मावत नाहीत.

९ जानेवारी
चौथं बोट तिसऱ्याला घेतल्याशिवाय उठत नाही. खालच्या पट्ट्या जड आहेत. ट्यूनरला बोलावलं. त्याने डाव्या हाताने काहीतरी झकास वाजवलं आणि म्हणाला, पियानो उत्तम आहे. हल्ली कारागीर असलेच. बायकोने विचारलं, आता अंगण तपासायला कोण येणार? आम्हाला अंगणच नाही. ती हल्ली भलतंच बोलते.

१४ जानेवारी
ऑफिसात विम्याचे दावे तपासले. एकाने लिहिलंय, हात दुखत होता म्हणून वेळेत कळवलं नाही. नामंजूर! ज्याला करायचं नसतं त्याला कारणं सुचतात. जेवताना लेकीलाही 'नामंजूर' म्हणजे काय ते समजावलं. मनगट दुखतंय. सराव उद्या.

२२ जानेवारी
नवी पद्धत. पियानोला हात न लावता हात तयार करायचा. डाव्या हाताने दात घासले, चहा ढवळला, दाढी केली. हनुवटीला पट्टी. ऑफिसात सह्याही डाव्यानेच. साहेबांनी सगळ्या फाइली परत पाठवल्या. कलेची कदर नाही.

३० जानेवारी
लेक म्हणाली, बाबा, आज एकत्र वाजवू या? म्हटलं, उतावीळपणा बरा नव्हे. मग ती स्टुलाच्या उजव्या अर्ध्यावर बसून एकटीच वाजवत राहिली. शिस्तीची पोर, माझ्यावर गेलीय.

६ फेब्रुवारी
लवकर घरी आलो. जिन्यातच आमची धून ऐकू आली, दोन्हीकडचे सूर. दार उघडलं तर लेकीशेजारी बसलेली बायको टुणकन उठून पियानो पुसायला लागली. म्हणाली, रेकॉर्डिंग लावलं होतं. असेल.

१२ फेब्रुवारी
तालीम. बाईंनी पहिल्याच ओळीला डोळे मिटले. भारावल्या असाव्यात. मग म्हणाल्या, तुम्ही नोटेशनच्या पुस्तकाची पानं उलटा. पानं उलटणारा डावीकडे उभा राहतो, डाव्या हातानेच उलटतो. म्हणजे माझी तयारी कामी येणार! खालचे सूर बायको वाजवेल. ऐन वेळी पडलं तिच्या गळ्यात, बिचारी.

२० फेब्रुवारी
कार्यक्रम झाला. मी एकदम दोन पानं उलटली. सावरायला गेलो तर पुस्तक खाली पट्ट्यांवर, तिथून जमिनीवर. मायलेकी थांबल्या नाहीत. दोघींना सगळं पाठ होतं. टाळ्या थांबेनात.
बाहेर बाईंना विचारलं, पाठ होतं तर पुस्तक कशाला ठेवलं? म्हणाल्या, तुमच्या लेकीचा हट्ट. बाबाने शब्द दिलाय, तो स्टेजवर हवाच.
घरी येताना लेकीला म्हटलं, दिवा डोळ्यांवर येत होता, पानं चिकटली होती, शिवाय मनगट.
तिने माझा डावा हात धरला. म्हणाली, असू दे बाबा. मंजूर.