हट्टी गणितज्ञास पत्र

८ सप्टेंबर

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

आज सकाळी कपडे धुतले. दुपारी तुझ्या ताईचं टेबल पुसलं. ती गेल्यापासून हात लावला नव्हता. तिच्या वर्गाचे न तपासलेले निबंध तिथेच होते. आता वर्ग तुझ्याकडे आहे, म्हणून गठ्ठा पाठवतो. विषय वरच्याच कागदावर आहे. पूर्वी काही मोठे गणितज्ञ ऋण संख्यांना खोट्या म्हणत. तसल्या एका हट्टी गणितज्ञाला पत्र लिहून पटवून द्या, की ऋण गुणिले ऋण धन का होतं. मी पुढे वाचलं नाही. जमलं नाही.

प्रकृतीला जप.

– भावोजी

१२ सप्टेंबर

ती. भावोजींना सा. न. वि. वि.

गठ्ठा पोचला. तासाभरात तपासला आणि तोंडावर आपटले. उत्तर बघून गुण दिले, तर सगळ्यांना पैकीच्या पैकी! नियम शाळेपासून पाठ आहे ना. विभागप्रमुख हसले. म्हणाले, मग निबंध हवेत कशाला, चाचणीच घेऊ. महिनाअखेरीस ते ठरवणार. ताईने इतकी वर्षं चालवलेलं माझ्या हातून बुडायला नको.

ती प्रत्येक निबंध तुम्हाला वाचून दाखवायची. म्हणायची, यांच्या डोक्यात शिरलं म्हणजे कुणाच्याही शिरेल. रागावू नका, पण याहून चांगली कसोटी आमच्या कॉलेजात नाही. गठ्ठा परत पाठवतेय. कळणार नाही तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह करा. गुण मी देईन.

वेळेवर जेवत जा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

– धाकटी

१७ सप्टेंबर

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

राग कसला? डोकं एवढ्यासाठी तरी कामी आलं. मनात वाचून उमगेना, म्हणून मोठ्याने वाचू लागलो. बहुतेकांनी नियमच घोळवून सांगितलाय. तिथे प्रश्नचिन्हं केली. एका मुलीने मात्र लिहिलंय, टाकीतून मिनिटाला तीन बादल्या पाणी जातंय, म्हणजे उणे तीन. दोन मिनिटांपूर्वी, म्हणजे उणे दोन, टाकीत किती होतं? आत्तापेक्षा सहा बादल्या जास्त, म्हणजे अधिक सहा. मी कागद खाली ठेवला. सारा संसार हे ऐकण्यात गेला, आणि कळलं आज. तुझ्या ताईला सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही. मुलांकडून निघेपर्यंत थांबायची. एवढा धीर मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

विभागप्रमुखांसमोर मुलांची उत्तरं आणि माझी प्रश्नचिन्हं शेजारी शेजारी ठेव. चाचणीत हे दिसणार नाही, एवढंच सांग. तुझ्यावर लोभ आहे, तो तसाच राहील.

अजून दहाबारा उरलेत. दार लावून घेतो, नाहीतर शेजारी म्हणायचे, एकटाच बडबडतोय. आता पुढचा वाचतो.

– भावोजी