चार तारांची चिप

सोमवार, ३
पोचलो एकदाचा. चार दिवसांच्या प्रवासाने कंबर कामातून गेलीय, पण जागा झकास आहे. जुने संगणक दुरुस्त करून संग्रहालयांना द्यायचे, असा हा कारखाना. खोलीत दोन खाटा. दुसऱ्या खाटेवरचा गडी उभ्या उभ्या झोपतो, म्हणून सगळे त्याला डुलक्या म्हणतात. आईला फोन केला. गाडी सुटताना ती खिडकीशी धावत काहीतरी सांगत होती, इंजिनाच्या घरघरीत काही ऐकू आलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, असू दे, सवडीने सांगेन. आणि रोज चार ओळी लिहीत जा, नाहीतर होती नव्हती ती अक्षरंही विसरशील. म्हणून ही वही.

गुरुवार, ६
इथं काम शिकवणाऱ्या मास्तरांनी आज मोठं यंत्र उघडलं. चाळीस वर्षांपूर्वीचं. आत एक दांडगी चिप नाही, सोळा छोट्या, चार ओळींत चार-चार. सगळ्या एकाच वेळी राबतात, कामाची वाटणी करून. प्रत्येकीची आठवण तिच्यापुरती, सामाईक काही नाही. प्रत्येकीला चार तारा, चार शेजारणी. बोलायचं ते त्यांच्याशीच. गंमत म्हणजे सांगणारी सोडून जात नाही. शेजारीण ऐकून घेईपर्यंत तशीच थांबते, तोवर तिच्यापाशी लाल दिवा जळतो. तिसऱ्या ओळीत एक जळत होता, त्याच्या शेजारची चिप कधीच करपलेली. मी म्हटलं, समोरची मेलीय हे हिला कळत नाही? मास्तर म्हणाले, तिला काय कळतंय, ती थांबते. मग तिच्याकडून काही हवं असलेल्या थांबतात, मग त्यांच्या शेजारणी. सगळं यंत्र ठप्प. सातवीत शाळा सोडलेल्याला हे एका फटक्यात समजलं, यावर मास्तरांचाच विश्वास बसेना.

मंगळवार, ११
ताईचा फोन. आईच्या छातीत पाणी झालंय, दवाखान्यात आहे. डॉक्टरांनी हात टेकले. ताई म्हणाली, आईने दुखणं तुझ्यापासून लपवलं होतं. आता एकच धोशा लावलाय, खिडकीशी राहिलेलं सांगायचंय. मला सांगत नाही, तुलाच सांगणार. त्यासाठीच जीव धरून आहे. दुपारी तिच्या फोनवरून लावून देते, उचल.
निघालो तरी चार दिवस. आणि गेलो तरी ऐकून घ्यावंच लागणार.
दुपारी फोन वाजला तेव्हा मी लाल दिव्यासमोर बसलो होतो. समोरच्याने घेतलं की दिवा विझतो.
उचलला नाही.

शुक्रवार, १४
चार दिवस उचलला नाही. चार दिवस आई आहे. डॉक्टरही चक्रावलेत म्हणे. ताई म्हणाली, माणूस आहेस की दगड, ती फोन छातीवर घेऊन पडलीय. कसं सांगू तिला? मी घेत नाही म्हणून तर आई आहे. मास्तर करपलेली चिप बदलायला निघाले, मी हात धरला. राहू द्या म्हटलं.

रविवार, १६
ताईचा निरोप. काल सकाळी आई गेली. तिचा फोन बंद करून कपाटात ठेवलाय. तू आता आला नाहीस तरी चालेल.
वाचत होतो तोच फोन वाजला. आईचा नंबर.

सोमवार, १७
वाजतोच आहे. माझा फोन बंद केला तरी.
डुलक्या सकाळपासून नळाशी उभा. बादली भरून वाहतेय. वाटलं झोपला — डोळे उघडे आहेत.

मंगळवार
मास्तरही. हातात पकड, डोळ्यांतून पाणी, पापणी लवत नाही.
सोळाही दिवे लाल, करपलेलीचासुद्धा.
ताईला लावला. तिने उचलला. नुसता श्वास — ताई, बोल ना — शिव्या तरी दे —

माहीत नाही कुठला वार
म्हणत होतो, मी आईला जगवली. नुसती ताटकळत ठेवली. खिडकीशी, धावत —
सगळे माझ्यावर अडलेत.
घेतो आता. डाव्या हातात फोन, उजव्याने लिहितो. आई, अक्षरं विसरलो नाही बघ. सांगशील ते सगळं उतरवून —
मास्तरांची पापणी लवली. एकेक दिवा विझतोय. तिसऱ्या ओळीतला तेवढा अजून लाल —
धाप लागलीय तिला. म्हणतेय, अरे, मी एवढंच म्हणत होते, की तू