मधला सोटा

सोमवार
आज गोऱ्या मालकाच्या घरी कामाला लागले. जागा झकास! स्वयंपाकघरामागे आपली खोली, दाराला कडी, टिलीची झोळी बांधायला वर दांडा. टिलीच्या बापा, तू उत्तरेला गुरं घेऊन गेलास, येशील तेव्हा हे वाचून दाखवीन. चुलीपाशी मर्टलमावशी असते. म्हणाली, पोरगी रांगतेय तर मोठ्या खोलीत सोडू नकोस गं बाई.

मंगळवार
मोठ्या खोलीत भिंतभर आपल्याच माणसांचे सोटे, फेकायच्या काठ्या. इमूची चरबी लावून पुसायचं काम माझं. मधला सोटा मुठीशी झिजलाय, टोकाला काळा डाग. घासून जात नाही. माणूस गेला की त्याचा सोटा मोडून त्याच्यापाशी ठेवतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मावशीला विचारलं. मालकाच्या बापानं नदीवर मारलेल्यांचे आहेत म्हणाली. मधला तिच्या भावाचा. आणि पातेलं घासत बसली.

गुरुवार
पाहुणे आलेले. मालकानं मधल्या सोट्याखालच्या चिठ्ठीवरचं नाव मोठ्यानं वाचलं. गेलेल्याचं नाव! आपल्यात ते कुणी तोंडातून काढत नाही. मावशीच्या हातून ताट पडलं. सगळे हसले. मालकाला चेव आला. टिलीला उचलून म्हणाला, आजपासून हिचं नाव हेच, बघू थेरडी किती ताटं फोडते. ते नाव मी लिहीत नाही.

शनिवार
मालक टिलीला साखर दाखवून त्याच नावानं हाका मारतो. मावशी म्हणते, नाव घेतलं की गेलेला येतो, नाव ज्याला दिलं त्याला न्यायला. आज सोटा भिंतीवर नव्हता. टिलीच्या झोळीखाली होता. मालक म्हणाला तूच चोरलास. पट्ट्यानं मारलं.

रविवार
टिली म्हटलं तर बघतच नाही.
सोटा परत झोळीखाली. डाग ओला —

सोमवार
दुपारी टिली घोड्यांच्या पायांत रांगत गेली. मालक ओट्यावर हसत उभा. टिली, टिली ओरडले. थांबेना. मग मी — ते नाव मीच —
थांबली. वळून हसली. माझ्याकडं बघून नाही.
माझ्या पाठीमागं कुणीतरी ओ दिली.

कडी लावलीय. मावशी बाहेर रडतेय. म्हणतेय, मालकाची हाक त्याला नीट उमगत नव्हती, पण तू आपली आहेस, तुझी उमगली, तू का हाक मारलीस गं —
आता मावशीचा आवाज नाही.
दारावर लाकूड वाजतंय. हळू.
टिली मांडीवरून उतरली. उभी राहिली. तिला उभं राहता येत नाही अजून. तू लवकर ये. तिचा हात कडीला पोचत ना